नेब्रास्कातलं दरडीतलं घर: बांधतानाच्या नोंदी

अमेरिकेत, नेब्रास्काची राजधानी लिंकनच्या दक्षिणेला, गेज काउंटीत, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात आम्ही डगआउट बांधतोय. ओढ्याची दरड आत कोरायची, तीन बाजूंना तीच भिंत, आणि समोरची भिंत सॉडची, म्हणजे गवत-मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांची. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळतेय म्हणून इथे आलेली पुष्कळ कुटुंबं पहिला हिवाळा अशाच बिळात काढायची. मैलोन्‌मैल झाड नाही, लाकूड विकत घ्यायला पैसा नाही. घर सोपं असतं असं वाटत असेल तर पुढे वाचा.

काम करणारे: मी, नवरा, चौथीतली लेक (इथे चौथीला नेब्रास्काचा इतिहास असतो, खूळ तिथूनच आलं), ऑगस्टमध्ये बार्शीहून आलेल्या सासूबाई, आणि शेतमालक आजोबा. आजोबांचं वय ऐंशीच्या पुढे. ते खुर्चीवर बसून चुका दाखवतात आणि दरवेळी बरोबर असतात.

4 मे

जागा ठरली. दरड सहा फूट उंच, तोंड दक्षिणेला. उत्तरेचा वारा पाठीवर घ्यायचा आणि हिवाळ्यातलं ऊन दारातून आत घ्यायचं, म्हणून दक्षिण. माती पिवळसर, मऊ, वाऱ्याने आणून टाकलेली लोएस. कुदळीने कापली तर सुरीने कापल्यासारखा सरळ काप राहतो. म्हणून तर इथे ही घरं जमली, वाळूत जमली नसती.

करून बघणाऱ्यांनी कुदळ मारायच्या आधी 811 ला फोन करावा. गॅस-विजेच्या लायनी कुठून जातात ते फुकट खुणा करून देतात. भर रानात कसली लायन, असं आम्हीही म्हणत होतो. बांधाच्या कडेने फोनची केबल निघाली.

मालकांची अट एकच: रात्री इथे कुणी झोपायचं नाही. मान्य.

11 मे

खोली आतून आठ फूट रुंद, दहा फूट खोल. मोठा उपसा आजोबांच्या बॅकहोने, म्हणजे खोदायच्या यंत्राने, झाला, कडा आम्ही हाताने तासल्या. खोदताना लेकीला खाली उतरू दिलं नाही. लोएस सरळ उभी राहते खरी, पण ढासळते तेव्हा आधी सांगत नाही.

मागच्या भिंतीच्या पायथ्याला ओल दिसली. आज हाताला गार लागते एवढंच, पण पावसाळी आठवड्यात झरा होईल. भिंतीलगत वीतभर खोल चर काढला, त्यात ओढ्यातले गोटे भरले आणि उतार दाराकडे दिला. हे छत घातल्यावर करायचं म्हटलं असतं तर वाकून वाकून कंबर गेली असती.

25 मे

दिवस वाया. भाड्याने सॉड कटर आणला, 95 डॉलर. यंत्र उत्तम, पण अंगणातली हिरवळ उचलण्यासाठी बनवलेलं. दोन-अडीच इंचांच्या वर खोल जात नाही. निघाली ती गालिच्यासारखी गुंडाळी. दोघांनी उचलली की मधूनच फाटते. जुनी वीट चार इंच जाड, फूटभर रुंद, दोन ते तीन फूट लांब असायची आणि एक जण ती पोटाशी धरून चालत जायचा.

त्या काळी यासाठी वेगळा नांगर होता. त्याला नेहमीच्या नांगराचा माती उलटी करणारा पत्रा नसायचा, त्याऐवजी लोखंडी गज. त्यावरून मातीची पट्टी न तुटता अलगद कडेला पडायची. साधा नांगर पट्टीचा चुरा करतो.

1 जून

आजोबांनी भंगारातलं, रस्ता सपाट करायच्या ग्रेडरचं जुनं पातं काढलं, दोन्ही टोकं वर वळवून ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री-पॉइंटला, म्हणजे अवजारं जोडायच्या जागेला, वेल्डिंग केलं. भंगार आणि वेल्डिंगच्या कांड्या मिळून 40 डॉलर. पातं जमिनीखाली चार इंचांवरून सरकतं, पट्टी जागेवरच सुटी होते, मग धारदार फावड्याने दोन-दोन फुटांवर तोडायची.

तरी विटा टिकेनात. कुरणात ब्रोम गवत आहे, ते इथलं नव्हे, नंतर आणून पेरलेलं. त्याची वीट उचलताना ठीक, रचताना खालचा थर गळून पडतो. वीट मातीची दिसली तरी काम मुळं करतात. वीतभर उंचीवरून टाकून बघा, फुटली तर ते गवत कामाचं नाही. ब्रोम दर तिसऱ्या विटेला फुटत होतं.

8 जून

गवत सापडलं. ओढ्याच्या खालच्या अंगाला पाणथळीत कॉर्डग्रास आहे, पुरुषभर वाढणारं, पात्याच्या कडा करवतीसारख्या. मुळं दोरखंडासारखी एकमेकांत गुंतलेली. वीट छातीवरून टाकली, फुटली नाही. हातमोजे घालूनही मनगटं चिरली.

पण मूळच्या उंच गवताच्या प्रेअरीपैकी, म्हणजे इथल्या नैसर्गिक गवताळ रानापैकी, आज चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे. उरलेल्या तुकड्यातून खेळण्यातल्या घरासाठी विटा कापणं मला पटेना, नवऱ्याचं म्हणणं सव्वादोनशे विटांनी काय फरक पडतो. आजोबांनी वाद मिटवला. पाणथळीच्या एका कोपऱ्यात शरदात गुरांसाठी तळं खोदायचं ठरलंच होतं. तेवढ्याच हद्दीत खुंट्या मारल्या, बाहेर पातं न्यायचं नाही. तुम्ही करणार असाल तर अशीच जागा शोधा, रस्ता रुंद होतोय, तळं होतंय. चांगलं कुरण फोडू नका.

15 जून

भिंत सुरू. बारा फूट लांब, दोन फूट जाड. गवताची बाजू खाली, मुळांची वर. दोन विटा शेजारी-शेजारी लांबीने, सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही, आणि दर तिसरा थर आडवा, म्हणजे आतली-बाहेरची रांग बांधली जाते. फटीत भुसभुशीत माती दाबून भरायची. मसाला म्हणून दुसरं काही नाही.

एक वीट वीस-बावीस किलो. समोरच्या भिंतीला आणि दरडीच्या वर उचललेल्या दोन्ही बाजूंना मिळून सव्वादोनशे लागतील, म्हणजे पाच टन. सपाटीवरचं सोळा बाय वीस फुटांचं पूर्ण घर बांधायला जवळजवळ एकरभर रान सोलावं लागायचं आणि भिंती नव्वद टनांपर्यंत भरायच्या, हे आधी नुसतं वाचलं होतं. आज दुपारी पाठीला समजलं.

आज रचता येतील तेवढ्याच विटा कापा. सकाळच्या विटा उन्हात राहिल्या, दुपारी त्यांच्या कडा बिस्किटासारख्या झडायला लागल्या. ओल्या पोत्यांनी झाकल्या तरी फार फरक पडला नाही.

29 जून

खिडकीची काच तडकली. जुन्या सामानाच्या दुकानातून 15 डॉलरला चौकटीसकट घेतली होती. चौकट भिंतीत बसवली, दोन्ही बाजूंनी लाकडी खुंट्या विटांत ठोकल्या, वर आडवी फळी, फळीवर तीन थर. सॉडची भिंत वाळते तशी खाली बसते आणि सगळा भार चौकटीवर येतो. जुनी माणसं चौकटीच्या वर चार बोटं फट सोडायची आणि त्यात चिंध्या, गवत कोंबायची. भिंत खाली येत जाईल तसं गवत दबतं, काच वाचते. हे माहीत होतं, पण फळी टेकल्यावर फट कुरूप दिसते म्हणून नवऱ्याने मातीने लिंपून टाकली होती. वरचे थर काढून पुन्हा केलं. नवी काच 12 डॉलर.

13 जुलै

छताचं लाकूड फुकट मिळालं. त्या काळी सीडरचा एक वासा मिळवायला बैलगाडीने दूरच्या घळीपर्यंत जावं लागे. आता उलटं झालंय, लाल सीडर कुरणांत इतका माजलाय की शेतकरी म्हणतात, न्या आणि उपकार करा.

मधला आडवा वासा आठ इंच जाडीचा, त्यावर दोन्हीकडे बारीक वासे, वर विलोच्या फांद्या, त्यावर वाळलं गवत, मग सॉडचे दोन थर, खालचा गवत खाली करून, वरचा गवत वर करून. कोरडं असताना ठीक. हेच भिजलं की दोन टनांच्या घरात जातं. अशा छताचा वासा मोडून झोपेत माणसं दबल्याच्या हकिकती त्या काळात आहेत, म्हणून खोलीच्या मधोमध सीडरचा खांब उभा केला. खोली अडते. अडू दे.

20 जुलै

रात्री जोरदार पाऊस. सकाळी आत गेलो तर बाहेरच्यापेक्षा आत जास्त पडत होतं. बाहेर थांबला तरी आत सुरूच, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नुसतं पाणी असतं तरी चाललं असतं, ते चिखल घेऊन येतं. चूल, टेबल, रजई, सगळ्यावर कॉफीच्या रंगाचे टपोरे थेंब. अशा घरातल्या बाया चुलीशी एका हातात छत्री धरून पॅनकेक उलटायच्या, हे मला रंगवून सांगितलेलं वाटायचं. मी करून पाहिलं. छत्री धरली की तवा धरायला हात उरत नाही, मग लेकीला छत्री देऊन उभं केलं. तिथल्या आयाही तेच करत असणार. पोरांना शाळेला धाडायचं की छत्रीला लावायचं, हा प्रश्न होताच.

पावसानंतर आठवडाभर आतल्या सगळ्या गोष्टी उन्हात वाळवायच्या. गादीत गवत किंवा मक्याची सालं भरलेली असायची, ती भिजली की काढून नवी. नवरा दिवसभर नांगरावर, म्हणजे हे सगळं कुणाकडे ते सांगायला नको.

उपाय पहिला: छताखाली मांजरपाटासारखं पातळ कापड ताणून बांधलं, 36 डॉलर. त्या काळीही बांधायचे. माती, उंदीर, किडे त्यात पडतात, खालच्या जेवणात पडत नाहीत. पाणी मात्र थांबत नाही, कापडाच्या मधोमध साठतं आणि एका जागी धो धो गळतं. तिथे बादली ठेवता येते, एवढाच फायदा.

10 ऑगस्ट

सासूबाई आल्या. आधी भिंतीला हात लावून पाहिला, मग छतावर चढल्या आणि म्हणाल्या, "अगं, ह्याला उतार हाय, माती हाय, मग धुमसलं का न्हाई?"

त्यांचं माहेरचं घर माळवदाचं. सोलापूर, बार्शी, मराठवाडा, सगळीकडे अशी घरं होती. तुळया, त्यावर चिपा-फळ्या, त्यावर पाला आणि वर हातभर पांढरी माती. ती साधी माती नव्हे, गावठाणातली जुनी, चिवट. दरवर्षी मृगाआधी माळवदावर नवा थर द्यायचा, पाणी शिंपडायचं, धुमसून, म्हणजे ठोकून, बसवायचा. त्यांचं म्हणणं, आमच्या छतावर मुळांनी भरलेली भुसभुशीत माती आहे, ती पाणी पिणारच. मुळं भिंतीला उपयोगी, छताला घातक.

"आई, तुमच्याकडे पाऊस किती आणि इथे किती," असं नवरा म्हणाला. त्यांनी उत्तर दिलं नाही, घमेलं मागितलं.

सॉडचा वरचा थर काढला. तळ्याच्या खोदाईची सुरुवात झाली होती, तिथे चार फुटांखाली पिवळी चिकण माती निघाली. ती ओली करून रात्रभर मुरू दिली, त्यात बारीक चिरलेलं गवत घातलं, चार बोटं जाडीचा थर दिला. धुम्मस, म्हणजे ठोकायचं अवजार, म्हणून सीडरच्या ओंडक्याला दांडा ठोकला. सासूबाई कडेने, नवरा मधून. मधून धुमसताना आतला खांब आहे ना, हे मी चारदा विचारलं. भेगा पडल्या की पुन्हा पाणी, पुन्हा धुमसायचं. ऊन कडक, भेगा पडतच होत्या, संध्याकाळी थर देऊन वर ओली पोती टाकली तेव्हा थांबल्या. वरून सॉडचा एकच पातळ थर परत ठेवला, वाऱ्या-पावसाने चिकण माती धुऊन जाऊ नये म्हणून.

24 ऑगस्ट

पाऊस झाला. मागच्या कोपऱ्यात, दरड आणि छत मिळतात तिथे, गळलं. बाकी छत कोरडं. मागच्या बाजूला छताच्या वर, दरडीच्या माथ्यावर पाणी वळवणारा चर काढला. हे पहिल्याच दिवशी काढायला हवं. छतावर पडणाऱ्या पावसापेक्षा वरच्या रानातून वाहत येणारं पाणी जास्त असतं.

7 सप्टेंबर

गाय छतावर आली.

दरडीत घर असलं की वरून बघणाऱ्याला छत आणि रान एकच दिसतं, गुरांना तर नक्कीच. डगआउटच्या छतातून बैल किंवा घोडा खाली आल्याच्या गोष्टी इथे म्हाताऱ्या माणसांकडे हमखास असतात. आमची गाय कडेच्या वाशापर्यंत आली, वासा कडकडला, ती स्वतःच घाबरून मागे गेली. वासा बदलला. माथ्यावर काटेरी तारेचं कुंपण घातलं, तार आजोबांच्या गोठ्यातली.

आतून लिंपण सुरू. दरडीच्या तिन्ही बाजू फावड्याने गुळगुळीत तासल्या, चिकण माती आणि गवताचा हात दिला, वर चुन्याची सफेदी. सफेदी त्या घरांत शोभेची नव्हती. दोन फूट जाड भिंतीतल्या एका खिडकीतून जो काही उजेड येतो तो पांढऱ्या भिंतीवर दुप्पट होतो. सासूबाईंनी जमीन शेणाने सारवली. लेकीच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांनी आधी नाकं धरली आणि मग हात घातले.

कापडात एक दिवस काहीतरी जड लोंबत होतं. उंदीर धरायला आलेला बुल स्नेक, चार फुटांचा, बिनविषारी. आजोबांनी काठीवर घेऊन बाहेर सोडला. म्हणाले, "ठेवायचा की, उंदीर गेले असते." उंदीर अजून आहेत.

12 ऑक्टोबर

आता पक्की चूल. आजोबांकडची बिडाची जुनी शेगडी, नळी 64 डॉलरला नवी. छताला नळी जिथून जाते तिथे गवत-फांद्या लागून आग लागायची, म्हणून नळीभोवती दुप्पट रुंदीचा पत्र्याचा डबा आणि मधली जागा मातीने भरली.

जळण हा वेगळा विषय आहे, आणि मला वाटतं या घरांचा खरा विषय तोच. भिंत एकदा रचली की रचली. जळण रोज लागतं, आणि लाकूड नाही. सुरुवातीच्या लोकांनी रानात पडलेलं बायसनचं वाळलं शेण गोळा केलं. कळप मारून संपले तशी गाईच्या शेणावर वेळ आली. पूर्वेकडून आलेल्या बायका आधी चिमट्याने उचलायच्या, मग हातरुमालाने, मग हातानेच, असं त्यांच्याच आठवणींत सांगितलंय. सासूबाईंना यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. त्यांनी गोठ्यातलं शेण आणून दरडीवर गोवऱ्या थापल्या होत्या. चांगल्या जळल्या, आच मंद.

मग वाळल्या गवताचे पीळ. मूठभर गवत घ्यायचं, घट्ट पिळायचं, दुमडायचं, टोक आत खोवायचं, हातभर लांबीची गाठ तयार. एक गाठ भाकरी उलटेपर्यंत पुरत नाही. दोघींनी पीळ घालायचे, एकीने चुलीत सारायचे, तेव्हा मक्याच्या पिठाचा ब्रेड भाजून झाला. खालून करपला, मधे कच्चा, कारण आच सारखी राहत नाही. हात खरचटले, चुलीभोवती गवताचा इतका चुरा झाला की ठिणगी उडाली असती तर संपलं होतं. हिवाळ्यात घरातली सगळी पोरं संध्याकाळी हेच करत बसायची.

मक्याची बुरखुंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, सगळ्यांत चांगली, आच मोठी, धूर कमी. पण बुरखुंडं मका आला तर. 1874 च्या उन्हाळ्यात टोळधाड आली आणि उभी पिकं गेली, तेव्हा खाणं गेलं तसं जळणही गेलं. हे बुरखुंडांचं पोतं रिकामं होईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

26 ऑक्टोबर

लेकीच्या वर्गातली मुलं पाहायला आली. दाखवायला नेब्रास्कातल्याच कस्टर काउंटीतल्या फोटोंची प्रत ठेवली होती. सॉलोमन बुचर याने 1886 पासून सॉडच्या घरांसमोर कुटुंबं उभी करून फोटो काढले, तीन हजारांवर काचेच्या निगेटिव्ह आज जपून आहेत. त्यातल्या हिल्टन कुटुंबाच्या बाईंना मातीच्या घरासमोर फोटो नको होता. म्हणून पायपेटी-ऑर्गन अंगणात ओढून आणली, घर चौकटीबाहेर ठेवलं आणि फोटो काढून झाल्यावर पेटी पुन्हा आत. मुलांना हा फोटो सगळ्यांत आवडला. मलाही, कारण दोन फूट जाड भिंतीच्या दारातून ती पेटी काढायची म्हणजे काय ते मी आता सांगू शकते.

एका मुलाने विचारलं, आधी इथे कोण राहायचं. याच काउंटीत ओटो-मिसूरिया या मूळच्या आदिवासी लोकांची राखीव जमीन होती, ती तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली आणि 1881 मध्ये त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. इथून जवळच, बीट्रिसच्या पश्चिमेला, डॅनियल फ्रीमनची जमीन आहे. 1 जानेवारी 1863 ला, होमस्टेड कायदा लागू झाला त्याच दिवशी, त्याने ब्राउनव्हिलच्या कचेरीत जमिनीसाठी अर्ज दिला. दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या. मुलांनी वजाबाकी केली, अठरा वर्षं.

16 नोव्हेंबर

हिशेब. नेब्रास्कातल्याच नॉर्थ लूप भागात 1872 साली चौदा फुटी चौकोनी डगआउटचा खर्च लिहून ठेवलेला आहे: खिडकी 1 डॉलर 25 सेंट, दाराचं लाकूड 54 सेंट, कडी-बिजागरी 50, छतातून जाणारी नळी 30, तीन पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण 2 डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट.

आमचा: वर आलेले आकडे, शिवाय दाराचं लाकूड 58, बिजागऱ्या-खिळे 31, ताडपत्री 45, डिझेल 70. एकूण 466 डॉलर, त्यात 95 चा सॉड कटर नुसता पाण्यात. दोन्ही यादींत मजुरी नाही. जमिनीचं म्हणाल तर त्या काळी सरकारी फी सगळी मिळून 18 डॉलर आणि पाच वर्षं तिथे राहून दाखवायचं. ही पाच वर्षंच महाग होती.

आज सकाळी बाहेर उणे 4, आत चूल न पेटवता 9 अंश. भिंतीने काम केलं.

रात्री बर्फ पडलं, फार नाही, पण वाऱ्याने दरडीच्या कुशीत आणून दारावर गुडघाभर ढीग लावला. दार बाहेर उघडतं, म्हणजे आत कुणी असतं तर अडकलं असतं. चौकट तीच ठेवून बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्यायच्या आहेत आणि फावडं बाहेर नव्हे, आत ठेवायचं आहे. मागच्या कोपऱ्यातली गळती तशीच आहे. तिथे मार्चमध्ये पुन्हा चिकण माती धुमसायची, सासूबाई परत जायच्या आत.